सलालाहून परतलेला रुग्ण, कंबरेच्या एल४-एल५ मणक्यांना स्पॉन्डिलोडिस्कायटिस (मणका आणि गादीचा संसर्ग): एकेटी (टीबीची औषधं) सुरू करण्याआधी ब्रुसेला या जंतूसाठी काय काय करून घ्यावं?

जीपी_चिपळूण

नमस्कार. ५४ वर्षांचे गृहस्थ, वजन ६१ किलो, मधुमेह आहे, ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिनवर साखर आटोक्यात. तीन वर्षं ओमानमध्ये सलालाजवळ साइटवर कामाला होते, दहा आठवड्यांपूर्वी कायमचे गावी आले. कंबर तिथे असतानाच दुखायला लागली होती. आता रात्री कूस बदलताना कळ येते, खोकलं तरी कळ येते. संध्याकाळी १००–१०१ पर्यंत ताप, रात्री बनियन पिळून निघेल इतका घाम, सहा किलो वजन उतरलं. पायात ताकद पूर्ण, लघवी-संडास व्यवस्थित.

तपासण्या: हिमोग्लोबिन ११.२, पांढऱ्या पेशी ४,८००, त्यात लिम्फोसाइट ४६ टक्के. ईएसआर ४८, सीआरपी थोडा वाढलेला, एसजीपीटी ६८, क्रिएटिनिन ०.९. एचआयव्ही निगेटिव्ह. छातीचा एक्स-रे स्वच्छ. माँटू (टीबीची त्वचेवरची टेस्ट) १४ मिमी. एमआरआयमध्ये एल४-एल५ च्या एंडप्लेटला सूज, मधली गादी थोडी उजळलेली, उजवीकडे मणक्याशेजारी दीड सेंमीचं कलेक्शन. मणका खचलेला नाही.

अस्थिरोगतज्ज्ञांचं मत टीबीचं आहे आणि सोमवारपासून एकेटी सुरू करायची आहे. मी खोदून विचारलं तेव्हा कळलं की दर शुक्रवारी हमरस्त्याकडेच्या धनगरांकडून उंटिणीचं धारोष्ण दूध पिणं चालायचं. म्हणून कच्च्या दुधातून येणाऱ्या ब्रुसेलाची टेस्ट करायला सांगितली. तालुक्याच्या लॅबनं स्लाइडवर १:२० आणि १:४० बघून निगेटिव्ह दिलं आहे. यावर विसंबावं का? अजून एकही अँटिबायोटिक दिलेलं नाही.

---

सूक्ष्मजीव_सांगली

विसंबू नका. आणि अजून एकही अँटिबायोटिक दिलेलं नाही हे फार बरं झालं. पुढच्या सगळ्याची मदार त्यावर आहे.

ज्याच्या रक्तात अँटिबॉडी भरपूर आहेत, त्याच्या सीरमचं कमी डायल्यूशन (थोडंच पातळ केलेला नमुना) फसवं निघू शकतं. अँटिबॉडी इतक्या जास्त होतात की प्रत्येक जंतूला स्वतंत्र वेढा पडतो, दोन जंतू एकमेकांना जोडलेच जात नाहीत, आणि गुठळी धरत नाही. याला प्रोझोन म्हणतात. १:४० ला थांबलेली टेस्ट अशा वेळी बेधडक निगेटिव्ह येते आणि त्याच सीरमचं १:३२० करकरीत पॉझिटिव्ह असतं. जुन्या आजारात आणखी एक भानगड असते: ब्लॉकिंग अँटिबॉडी. त्या जंतूला चिकटतात पण गुठळी करू देत नाहीत. त्यासाठी ब्रुसेला कूम्ब्स ही वेगळी टेस्ट लागते.

तर असं करा. साध्या नळीत ५ मिलि रक्त घ्या, सीरम वेगळं करून थंड पेटीतून मोठ्या लॅबकडे पाठवा. मागणीपत्रावर तीन गोष्टी स्पष्ट लिहा: रोझ बेंगॉल, स्टँडर्ड ट्यूब ॲग्लुटिनेशन १:२० पासून किमान १:१२८० पर्यंत, आणि तीच टेस्ट २-मरकॅप्टोइथेनॉल घालून.

रोझ बेंगॉल चाळणीसाठी. अँटिजेन आणि सीरम फ्रिजमधून काढून अर्धा तास बाहेर ठेवायचं, दोन्हीचा ३० मायक्रोलिटरचा एकेक थेंब पांढऱ्या टाइलवर मिसळायचा, चार मिनिटं टाइल हलवत राहायची. गुलाबी कण दिसले की पॉझिटिव्ह. चार मिनिटांच्या पुढे रेंगाळलात तर कडा सुकून खोटे कण दिसतात. हे अँटिजेन आम्लयुक्त असतं, त्यामुळे प्रोझोनचा त्रास इथे कमी.

ट्यूब टेस्ट ३७ अंशांवर २४ तास ठेवून वाचायची. नळी न हलवता उजेडासमोर धरा. निगेटिव्ह नळीत वरचं पाणी गढूळ असतं आणि तळाशी नेटकं बारीक बटण बसतं. पॉझिटिव्ह नळीत वरचं पाणी नितळ आणि तळाशी चटईसारखा पसरलेला थर. प्रोझोन असेल तर पहिल्या दोन-तीन नळ्या गढूळ आणि त्यापुढच्या नितळ, असं उलटं चित्र डोळ्यांना दिसतं. आपल्याकडे जनावरांशी रोजचा संबंध असलेल्यांत कमी टायटर (किती पातळ केलेल्या सीरमपर्यंत गुठळी धरते तो आकडा) असतंच, म्हणून १:१६० ला अर्थ लावताना लक्षणं बघायची. १:३२० किंवा वर आणि सोबत असा मणका, तर मला शंका राहत नाही. दोन आठवड्यांनी चौपट चढलं तर तोही पुरावा. मरकॅप्टोइथेनॉल आयजीएम (सुरुवातीच्या अँटिबॉडी) मोडतं. ते घालूनही टायटर टिकलं तर ते आयजीजी, म्हणजे आजार आत चालू असण्याची शक्यता जास्त. उलट बाजूही सांगतो: येर्सिनिया एंटेरोकॉलिटिका ओ:९ सारख्या जंतूंमुळे खोटं पॉझिटिव्ह येऊ शकतं. पण त्यांचं टायटर सहसा कमी असतं आणि रुग्णाची कहाणी जुळत नाही.

ब्लड कल्चर आजच. दोन्ही हातांतून मिळून दोन-तीन सेट, प्रत्येक बाटलीत ८ ते १० मिलि. ताप चढायची वाट बघत बसू नका. बाटलीवर आणि कागदावर दोन्हीकडे मोठ्या अक्षरांत ‘ब्रुसेलाची शंका’ लिहा. याची कारणं दोन. बहुतेक ठिकाणी पाच दिवसांनी बाटली निगेटिव्ह म्हणून काढतात. ऑटोमेटेड यंत्रात ब्रुसेला बहुधा पहिल्या आठवड्यात उगवतो, पण काही बाटल्यांना जास्त दिवस लागतात, म्हणून निदान दोन आठवडे ठेवायला सांगा. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं: आतल्या माणसांचा जीव. प्रयोगशाळेत लागण होणाऱ्या जंतूंमध्ये ब्रुसेला पहिल्या ओळीत आहे. प्लेट उघडून वास घेतला, सुरक्षा कॅबिनेटबाहेर व्हॉर्टेक्स यंत्रावर घुसळलं, तर हवेतून लागण होते. ग्राम स्टेनमध्ये ते रेतीच्या कणांसारखे अगदी बारीक, फिकट ग्राम-निगेटिव्ह कोकोबॅसिलाय दिसतात, ऑक्सिडेज पॉझिटिव्ह, युरिएज झपाट्यानं पॉझिटिव्ह. यंत्राच्या डेटाबेसमध्ये नसेल तर ‘ऑक्रोबॅक्ट्रम’ असं त्याच्या जवळच्या जंतूचं नाव येतं आणि मंडळी ते कंटॅमिनंट म्हणून सोडून देतात. आखातातून आलेल्या माणसाच्या बाटलीत ऑक्रोबॅक्ट्रम आलं, तर मी आधी ब्रुसेलाच धरतो.

---

क्षकिरण_नाशिक

फिल्म्स न बघता बोलतोय, तेव्हा यातल्या खुणा तुमच्या रेडिओलॉजिस्टकडून पडताळून घ्या.

पहिली जागा म्हणजे मणक्याचा पुढचा-वरचा कोपरा. तिथे रक्तपुरवठा भरपूर, म्हणून ब्रुसेला बहुतेकदा तिथेच बस्तान बसवतो. तो कोपरा कुरतडलेला दिसणं म्हणजे पेद्रो पोन्सची खूण. शरीर त्याच वेळी दुरुस्तीही करत असतं, म्हणून कुरतडलेल्या कडेला नवं हाड पोपटाच्या चोचीसारखं पुढे आलेलं दिसतं. एमआरआयमध्ये हे निसटतं. एल४-एल५ पुरतं पातळ कापांचं सीटी करून बाजूच्या प्रतिमेत बघितलं तर लगेच कळतं. आणि आजाराच्या पहिल्या काही आठवड्यांत साधा एक्स-रे अगदी नॉर्मल असतो, त्यावरून कुणालाही घरी पाठवू नये.

टीबीकडे झुकवणाऱ्या गोष्टी: छातीच्या किंवा छाती-कंबरेच्या सांध्यावरचे मणके, एकाखाली एक तीन-चार मणके बाधित, लिगामेंटखालून पसरत गेलेला आजार, मणका पुढून खचून पाठीला कुबड, सोआस स्नायूत उतरलेलं मोठं गळू, त्यात चुन्याचे कण. ब्रुसेलाकडे झुकवणाऱ्या: कंबरेचा खालचा भाग, विशेषतः एल४ च्या आसपास, मणक्याचा आकार शाबूत, गादी मानाने कमी बिघडलेली, कलेक्शन छोटं. तुमच्या वर्णनात दुसरी बाजू जड आहे. पण नुसत्या चित्रावर कुणी औषध ठरवू नये, या दोघांच्या चित्रांची सरमिसळ भरपूर होते.

एक आग्रहाची सूचना. पूर्ण पाठीच्या कण्याचं बाजूनं एक स्टर (सूज उठून दाखवणारी एमआरआयची STIR प्रतिमा) घ्या आणि माकडहाडाशेजारच्या सॅक्रोइलियाक सांध्यांचं समोरून एक. दूरच्या दुसऱ्या मणक्यात वेगळी जागा सापडते. तरुण रुग्णात तर बऱ्याचदा मणका सोडून सॅक्रोइलियाक सांधाच सुजतो, त्याला अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिसचं लेबल लागतं, स्टेरॉइड नाहीतर बायोलॉजिक सुरू होतं आणि जंतू मोकाट सुटतो.

---

संसर्गरोग_पुणे

वरच्या दोघांशी सहमत. मी औषधांच्या बाजूनं लिहितो, कारण सोमवारची घाई तिथेच अडचणीत आणणार आहे.

एकेटीत रिफॅम्पिसिन असतं. रिफॅम्पिसिन ब्रुसेलालाही लागू पडतं. एकेटी सुरू केली की महिनाभरात ताप उतरतो, घाम थांबतो, भूक लागते आणि सगळे म्हणतात, बघा, टीबीच होता. पण ब्रुसेला पेशीच्या आत दडून बसतो. एकट्या रिफॅम्पिसिननं तो दबतो, मरत नाही, शिवाय प्रतिकारक्षम होण्याचा धोका. एकेटी चालू असताना किंवा संपल्यावर कंबर पुन्हा उठते, तोवर कल्चरचा काही उपयोग राहिलेला नसतो, आणि रुग्णाच्या माथी ‘औषधांना दाद न देणारा टीबी’ बसतो. उलटं झालं तरी तितकंच वाईट. ब्रुसेला समजून रिफॅम्पिसिन आणि स्ट्रेप्टोमायसिन दिलं आणि आत खरं तर टीबी होता, तर टीबीला अपुरी जोडी मिळाली. तीन महिन्यांत आपणच रेझिस्टंट टीबी तयार केला. म्हणून दोन्हींचा निकाल लागेपर्यंत सामाईक औषधं हातात घ्यायची नाहीत. लेव्होफ्लॉक्सासिनसुद्धा नाही, त्यानंही टीबी झाकला जातो.

माँटू १४ मिमीवरून आपल्या देशातल्या ५४ वर्षांच्या माणसाबद्दल फारसं काही कळत नाही. ते बाजूला ठेवा.

बायोप्सीबद्दल. अमेरिकेच्या आयडीएसए या संसर्गरोगतज्ज्ञांच्या संस्थेच्या २०१५ च्या मार्गदर्शनानुसार ब्रुसेलाच्या प्रदेशातला रुग्ण आणि सीरॉलॉजी जोरदार पॉझिटिव्ह असेल तर सुई घालायची गरज नाही. ते त्यांच्या जागी योग्य आहे. आपल्याकडे टीबी घरोघर आहे आणि एकाच माणसात दोन्ही असू शकतात, म्हणून मी या रुग्णात सीटीखाली सुई घालाच म्हणेन. रुग्ण स्थिर आहे, नसा दबलेल्या नाहीत, चार-पाच दिवस थांबायला जागा आहे.

सुई घातल्यावर जे बिघडतं ते सांगतो. सगळे तुकडे फॉर्मॅलिनच्या बाटलीत जातात. फॉर्मॅलिनमध्ये गेलेल्या तुकड्याचं कल्चर होत नाही, तो कायमचा गेला. खोलीत शिरण्याआधीच बाटल्यांवर नावं टाकून ठेवा: एक फॉर्मॅलिन, हिस्टोपॅथॉलॉजीसाठी. बाकीच्या निर्जंतुक बाटल्यांत थोडं सलाइन, एक जीनएक्सपर्ट (टीबीच्या जनुकांची झटपट टेस्ट) आणि मायकोबॅक्टेरियाच्या, म्हणजे टीबीच्या जंतूंच्या, एमजीआयटी कल्चरसाठी, एक साध्या बॅक्टेरियल आणि ब्रुसेला कल्चरसाठी, पुरेसा तुकडा मिळाला तर एक बुरशीसाठी. पू निघाला तर तो सिरिंजमध्ये टोपण लावून तसाच पाठवा, कापसाचा स्वॅब करू नका. सूक्ष्मदर्शकाखाली चीजसारखा मेलेला भाग असलेला ग्रॅन्युलोमा (पेशींची गाठ) टीबीकडे नेतो, ब्रुसेलाचा सहसा तसा नसतो. जीनएक्सपर्ट निगेटिव्ह आलं म्हणजे टीबी नाहीच असं समजू नका, एमजीआयटी पूर्ण ४२ दिवस चालू द्या.

आता सीरॉलॉजी पॉझिटिव्ह आणि जीनएक्सपर्ट निगेटिव्ह आलं, जे होईल असं मला वाटतं, तर मी काय देईन: डॉक्सिसायक्लिन १०० मिग्रॅ सकाळ-संध्याकाळ, आणि जेंटामायसिन दिवसातून एकदा ५ मिग्रॅ प्रति किलो, यांना ३०० मिग्रॅ, १०० मिलि सलाइनमधून अर्ध्या ते एका तासात, १० ते १४ दिवस. पुस्तकी जोडी स्ट्रेप्टोमायसिन १ ग्रॅम रोज स्नायूत, दोन ते तीन आठवडे, अशी आहे आणि ती उत्तम आहे. पण स्ट्रेप्टोमायसिन टीबीचंही औषध आहे, जेंटामायसिन तसं वापरात नाही. एमजीआयटी हातात नसताना जेंटामायसिन हा जास्त प्रामाणिक पर्याय. एमजीआयटी निगेटिव्ह आलं की तिसरं औषध म्हणून रिफॅम्पिसिन ९०० मिग्रॅ सकाळी अनशापोटी जोडता येतं. ते जोडलं की यकृतातली एन्झाइम वाढतात, डॉक्सिसायक्लिनची रक्तातली पातळी घटते आणि ग्लिमेपिराइडचीही. साखर आठवड्याला बघावी लागेल. एसजीपीटी आधीच ६८ आहे, तोही दोन आठवड्यांनी.

मुदत किमान १२ आठवडे. साध्या ब्रुसेलोसिसचे सहा आठवडे मणक्याला पुरत नाहीत. परत उद्भवणाऱ्या केसेसमागे सगळ्यात मोठं कारण हेच असतं: दीड महिन्यात बरं वाटलं म्हणून गोळ्या थांबवल्या.

तुम्हाला दवाखान्यातून सांभाळायच्या बारीक गोष्टी. जेंटामायसिन चालू असेपर्यंत डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक बंद, दोन्ही मिळून मूत्रपिंड मारतात आणि हा मधुमेही माणूस आहे. पॅरासिटामॉल द्या. क्रिएटिनिन आठवड्यातून दोनदा. कानात घूं आवाज, अंधारात चालताना तोल जाणं, हे रोज विचारा, रुग्ण आपण होऊन सांगत नाही. डॉक्सिसायक्लिन जेवणानंतर, पेलाभर पाण्याबरोबर, आणि त्यानंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही. झोपताना घोटभर पाण्याबरोबर घेतली की गोळी अन्ननलिकेत चिकटून व्रण पडतो, मग गिळताना छातीत आग आणि गोळ्या बंद. दूध, ताक, कॅल्शियम, लोह, अँटासिड हे सगळं गोळीच्या दोन-तीन तास अलीकडे-पलीकडे. उन्हात कातडी भाजते, तेव्हा टोपी आणि पूर्ण बाह्यांचा सदरा. पहिल्या एक-दोन दिवसांत ताप वाढला तर औषध बदलू नका.

आणि एकदा स्टेथोस्कोप नीट लावा. नवी मर्मर (हृदयाचा जादा आवाज) ऐकू आली तर इको तातडीनं. या आजारात मृत्यू क्वचित होतात, आणि होतात ते बहुतेक हृदयाच्या झडपेमुळे. वृषणात दुखतंय का हेही विचारा, पुरुष रुग्ण लाजेनं बोलत नाहीत.

---

मणका_शल्य_कोल्हापूर

थोडक्यात. या एमआरआयवर शस्त्रक्रियेची गरज नाही. दीड सेंमीचं कलेक्शन औषधानं विरघळतं. सुईला मात्र ते चांगलं लक्ष्य आहे, पाठीमागच्या बाजूनं सीटीखाली पोचता येतं.

पहिले काही आठवडे लंबोसॅक्रल पट्टा, वाकून वजन उचलणं बंद, दुचाकी बंद. सक्तीची झोप नको, घरात चालू-फिरू द्या. एपिड्युरल स्टेरॉइडचं इंजेक्शन कुणी सुचवलं तर ठाम नाही म्हणा.

घरच्यांना ही लक्षणं लिहून द्या, तोंडी सांगू नका: पावलाचा पुढचा भाग उचलेनासा होणं, लघवी अडणं किंवा नकळत होणं, बसण्याच्या जागेला बधिरपणा, दोन्ही पायांत कळ उतरणं. यातलं एकही दिसलं तर त्याच रात्री मणक्याची सर्जरी होते अशा ठिकाणी न्यायचं. कण्याच्या पोकळीत पू जमून नसा दबल्या असतील तर तिथे तास मोजले जातात.

वेदना कमी व्हायला तीन-चार आठवडे लागतात. तीन महिन्यांच्या आत पुन्हा एमआरआय करून घाबरू नका, हाडातली सूज चित्रात महिनोन्‌महिने रेंगाळते. ईएसआर, सीआरपी, वजन आणि रात्रीची झोप यांवर चाला.

---

जीपी_चिपळूण

सर्वांचे मनापासून आभार. अस्थिरोगतज्ज्ञांशी बोललो, एकेटी थांबवायला तयार झाले, उद्या सीरम आणि कल्चर जाईल, बायोप्सी गुरुवारी.

आणखी दोन प्रश्न. औषध संपल्यावर टायटर किती वेळा बघायचं? आणि येताना त्यांनी तिथल्या एका घरून शेळीच्या दुधाचं पांढरं चीज आणलं होतं. पहिल्या आठवड्यात घरच्यांनी थोडं खाल्लं, उरलेलं डबाभर फ्रीझरमध्ये आहे. घरात पत्नी आणि मुलगी. मुलीला पाचवा महिना चालू आहे. दोघींना काही त्रास नाही.

---

संसर्गरोग_पुणे

मुलीचं आधी. उद्याच्याच खेपेला दोघींचंही रोझ बेंगॉल आणि ट्यूब टेस्ट पाठवा. निगेटिव्ह आली तर सहा आठवड्यांनी पुन्हा, आणि खाल्ल्यापासून सहा महिने पुरे होईपर्यंत लक्ष ठेवा. लागण होऊन लक्षणं दिसायला बहुधा दोन ते चार आठवडे लागतात, पण कधी कधी पाच-सहा महिनेही जातात. संध्याकाळचा ताप, घाम, कंबर किंवा मोठा सांधा दुखणं, यांपैकी काही झालं तर थांबायचं नाही. गरोदरपणात ब्रुसेलानं गर्भपात होऊ शकतो, म्हणून तिच्या स्त्रीरोगतज्ज्ञांना आजच फोन करा. टेस्ट पॉझिटिव्ह आली तर तिला डॉक्सिसायक्लिन, स्ट्रेप्टोमायसिन, जेंटामायसिन यांतलं काही चालणार नाही. रिफॅम्पिसिन हा आधार धरून उपचार होतात, आणि त्याआधी तिच्याही बाबतीत टीबीचा विचार करून घ्यावा लागेल. वडिलांकडून तिला लागण होईल ही भीती मात्र घरच्यांच्या मनातून काढा. एकत्र जेवल्यानं, कपड्यांनी हा आजार पसरत नाही.

टायटरबद्दल: औषध संपल्यावर तीन, सहा आणि बारा महिन्यांनी पुरे. ते वर्षभर किंवा जास्तही पॉझिटिव्ह राहू शकतं. माणूस ठणठणीत आणि टायटर १:१६०, तर नुसत्या आकड्यासाठी पुन्हा औषध देऊ नका. उतरलेलं टायटर परत चढलं आणि सोबत ताप किंवा कंबर असेल तर ब्लड कल्चर, आणि मग उपचार. परत उद्भवला तरी बहुतेकदा तीच औषधं लागू पडतात. रक्तदान नको.

---

पशुवैद्य_बारामती

दुधाचा भाग माझा.

उंट आणि शेळ्या-मेंढ्या एकत्र चरतात तिथे उंटांत बहुतेक ब्रुसेला मेलिटेन्सिस असतो, माणसाला सगळ्यात जास्त त्रास देणारी जात. आपल्या गाई-म्हशींत ॲबॉर्टस. गाय सहसा सहाव्या-सातव्या महिन्यानंतर गाभडते, वार अडकते, म्हणून मालकाला निदान शंका तरी येते. उंटिणीत लक्षणं फार पुसट असतात. कळप तजेलदार दिसतो, दूध फेसाळ आणि गोड असतं, आणि जंतू कासेतून येत असतात. ओमानमध्ये हा आजार मुख्यतः धोफारमध्ये, म्हणजे सलालाच्याच प्रांतात आढळतो. जून ते सप्टेंबर तिथे खरीफ असतो, डोंगर कोकणासारखे हिरवेगार होतात, आपली मंडळीही त्या दिवसांत सहलीला जातात आणि रस्त्याकडेच्या तंबूतलं फेसाचं दूध हौसेनं पितात. उकळलं तर गुण जातो अशी तिथे समजूत आहे. आपल्याकडेही धारोष्ण दुधाचं कौतुक आहेच, फक्त आपल्या घरी दूध चुलीवर चढल्याशिवाय कुणाच्या पेल्यात जात नाही, आणि त्या एका सवयीनं आपण किती वाचलो आहोत हे लोकांना सांगायला हवं.

हा जंतू उष्णतेला अगदी लेचापेचा आहे. ६३ अंशांवर ३० मिनिटं किंवा ७२ अंशांवर १५ सेकंद, संपला. घरी एक उकळी पुरते. कारखान्यातलं पाश्चराइज्ड उंटिणीचं दूध बिनधास्त प्यावं. दह्या-ताकाच्या आंबटपणावर भरवसा ठेवू नका. कच्च्या दुधाच्या मऊ चीजमध्ये तो कित्येक आठवडे, महिनेही टिकतो. गोठवल्यानं तर मरतच नाही, उलट जपला जातो. हे जुनं दुखणं आहे: डेव्हिड ब्रूस या ब्रिटिश लष्करी डॉक्टरनं १८८७ मध्ये माल्टात ब्रिटिश सैनिकांच्या प्लीहेतून हा जंतू वेगळा केला, झामित या माल्टाच्या डॉक्टरनं १९०५ मध्ये शेळ्यांशी संबंध दाखवला, आणि त्याच वर्षी माल्टाहून शेळ्या घेऊन निघालेल्या जोशुआ निकल्सन या जहाजावर कच्चं दूध प्यालेले खलाशी आजारी पडले.

रुग्ण बरा झाल्यावर परत तिकडे कामाला गेला तर पुन्हा लागण होऊ शकते. एकदा झाला म्हणजे कवच मिळालं असं होत नाही.

आणि आमच्या लोकांसाठी एक ओळ: २०१९ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना, पारड्यांना एस१९ लस टोचली जाते. ती जिवंत लस आहे. सुई बोटात गेली किंवा डोळ्यात उडाली तर धुऊन टाकून विसरायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टरकडे जायचं. सहसा डॉक्सिसायक्लिन आणि रिफॅम्पिसिन तीन आठवडे देतात.

फ्रीझरमधला डबा. लॅबला हवं असेल तर आधी विचारून घ्या, काही ठिकाणी त्यावर कल्चर किंवा पीसीआर करतात. नको म्हणाले तर उकिरड्यावर टाकू नका, तिथे शेळ्या आणि कुत्री तोंड घालतात. हातमोजे घालून चीज डब्यासकट उकळत्या पाण्यात बुडवा, पुन्हा उकळी आल्यावर दहा मिनिटं ठेवा, मग संडासात ओता. डबा प्लास्टिकचा असेल तर फेकून द्या. फ्रीझरचा तो कप्पा ब्लीचच्या पाण्यानं पुसून कोरडा करा. हे काम त्या मुलीनं करायचं नाही.